बंदर समोर, म्हणून आयात सोपी?

दिवाळे कोळीवाड्यातली होडी पनवेलच्या खाडीतून बाहेर पडली की न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसू लागतात. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर कंटेनर वाहतुकीत देशातल्या आघाडीच्या बंदरांपैकी एक आहे. ते इतके जवळ असल्यावर मासे दाखवणारे सोनार यंत्र, बॅटऱ्या, खेळणी असे काहीतरी बाहेरून मागवून धंदा करावा, असे गावातल्या तरुणांना वाटणे साहजिकच आहे. मग नाक्यावर आणि मोबाइलवर सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे अर्धवट असतात.

गैरसमज १ : आयातीला मोठी कंपनी आणि ओळख लागते.
वस्तुस्थिती : लागतो तो आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. एकट्याच्या नावावरच्या दुकानालाही तो मिळतो. पॅन, बँक खाते आणि पत्त्याचा पुरावा घेऊन विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. फी ५०० रुपये. कोड कायमचा असतो, मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. हजारो रुपये घेऊन ‘लायसन काढून देतो’ म्हणणारा एवढेच करून देतो.

गैरसमज २ : कंटेनरभर माल घ्यावाच लागतो.
वस्तुस्थिती : अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरून येतो, त्याला एलसीएल म्हणतात. थोडे नग कुरिअरनेही येतात. पण डिलिव्हरी ऑर्डर, कंटेनर फ्रेट स्टेशन आणि एजंट यांचे बरेचसे खर्च मालाच्या आकारावर ठरत नाहीत. खोकी चार असोत की चाळीस, ते द्यावेच लागतात. त्यामुळे लहान मालाचा प्रत्येक नग महाग पडतो.

गैरसमज ३ : तिकडे शंभरला मिळते, इथे तीनशेला विकते, म्हणजे दोनशे नफा.
वस्तुस्थिती : ड्युटी तिकडच्या खरेदीभावावर नाही, तर भाडे आणि विमा धरून येणाऱ्या किमतीवर लागते. ही किंमत एक लाख आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के असे धरू. दर वस्तूगणिक बदलतो. सीमाशुल्क १०,०००. त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,०००. या एक लाख अकरा हजारांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १९,९८०. माल सोडवायला एकूण ३०,९८० रुपये भरावे लागतील.

जीएसटी नोंदणी असेल तर १९,९८० रुपयांचे क्रेडिट पुढच्या विक्रीत वापरता येते; पण माल विकेपर्यंत पैसे अडकतातच. नोंदणी नसेल तर ती रक्कमही खर्चात धरा. वर बंदर ते गोदाम टेम्पोभाडे आणि वाटेत फुटलेले नग.

गैरसमज ४ : बिल कमीचे करून घेतले किंवा पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिले की ड्युटी वाचते.
वस्तुस्थिती : तशाच मालाचे इतरांनी दाखवलेले भाव सीमाशुल्क खात्याकडे असतात. शंका आली की तुमची किंमत नाकारून ते नवी ठरवतात, आणि ड्युटीबरोबर व्याज, दंड, प्रसंगी मालजप्ती ओढवते. भेटवस्तू म्हणून मिळणारी पाच हजार रुपयांपर्यंतची सूट तर डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद उरले.

गैरसमज ५ : ऑनलाइन मिळते ते सगळे आणता येते.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि ते परदेशी कारखान्याने मिळवावे लागते. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना हवा. पाण्यात टाकून वायफायने मोबाइलवर मासे दाखवणारा सोनारचा गोळा बिनतारी यंत्र ठरतो, म्हणून त्याला दूरसंचार खात्याची मान्यता लागते. मासे ओढणारे प्रखर एलईडी दिवे आणाल, पण विकणार कोणाला? त्या दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. पाकिटबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देशही छापावा लागतो.

गैरसमज ६ : एजंट नेमला की आपण मोकळे.
वस्तुस्थिती : परवानाधारक कस्टम्स ब्रोकर, ज्याला बंदरावर अजून सीएचए म्हणतात, तो तुमच्या वतीने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे विवरणपत्र, भरतो. पण २०११ पासून ड्युटीचे स्वयंनिर्धारण आयातदाराने करायचे असते. मालाचा वर्ग दाखवणारा एचएसएन कोड चुकला तर नोटीस तुमच्या नावाने येते. कागद अडकले तर जागाभाडे आणि कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार रोज चढतो, आणि तोही तुमच्याच खिशातून जातो.

आयातीतला धोका परवान्यात नसून क्रम चुकण्यात आहे. बहुतेक जण आधी पुरवठादाराला आगाऊ पैसे पाठवतात आणि माल बंदरात आल्यावर नियम विचारतात. आधी एचएसएन कोड पक्का करा, त्यावरून ड्युटी आणि लागणाऱ्या मान्यता बघा, दारात पडणारी किंमत कागदावर मांडा, नमुन्याचे चार नग मागवा. पैसे बँकेमार्फतच पाठवा. तिथेही आयातीचे कागद द्यावे लागतात. एवढे करूनही नफा उरत असेल, तरच ऑर्डर द्या.