आधी मनगट, मग पाऊल

सॉफ्टबॉलची पिचिंग शिकवतात ती शेवटाकडून. कबनूरच्या शाळेत जाणारी माझी पुतणी पवनचक्कीसारखा हात फिरवायला मिळणार म्हणून मोठ्या हौसेनं मैदानावर गेली, तर सरांनी तिला भिंतीपासून दोन-तीन पावलांवर उभं केलं. हात मांडीलगत खाली, चेंडू बोटांत, आणि काम फक्त मनगटाचं. चेंडूभोवती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टेपचा पट्टा हवेत सरळ फिरताना दिसला तर झटका बरोबर. तो डुगडुगला तर चेंडू बोटांच्या एका कडेनं सुटलाय. बरेच दिवस तिच्या वाट्याला एवढंच होतं.

मग कोपरापासूनचा हात आला. मग खांद्याच्या उंचीवरून मागून खाली येणारा, मग डोक्यावरून येणारा, आणि शेवटी पूर्ण फेरा आणि पाऊल. या उलट्या क्रमामागचा विचार मला फार पटतो. फेकीचा एकेक तुकडा मागे जोडत गेलं की प्रत्येक नवी हालचाल आधीच अंगवळणी पडलेल्या शेवटाकडे येते. सुरुवातीकडून शिकवलं तर मुलांचा सगळा जोर हात गरगर फिरवण्यातच जातो, आणि चेंडू सोडायचा क्षण नशिबावर राहतो.

त्या क्षणाचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. महिलांच्या खेळात चेंडू टाकणारीची पिचिंग प्लेट ते फटका मारणारीपुढची होम प्लेट हे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पाऊल पुढे पडत असल्यामुळे चेंडू प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच्या आसपासच जातो. नवशिक्या मुलीच्या चेंडूला ताशी ५० किलोमीटर वेग धरला, तर तिचा हात सेकंदाच्या शंभराव्या भागात साधारण ११ अंश फिरतो. म्हणजे तेवढा उशीर झाला की चेंडू होम प्लेटवर दोन मीटरहून जास्त वर. तेवढीच घाई झाली तर तो वाटेतच मातीत. मी कॅचरचा ग्लोव्ह घालून उपड्या बादलीवर बसतो तेव्हा हे दोन्ही प्रकार माझ्याकडे येतात, आणि कधी चेंडू डोक्यावरून मागच्या कुंपणापर्यंत जातो. मुलगी बेशिस्त फेकतेय असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती शंभराव्या भागाशी झगडत असते.

चेंडूही काही नावाप्रमाणे मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास. लहान पंजात सॉफ्टबॉल दोन बोटांवर बसत नाही, तीन-चार बोटं लावावी लागतात. त्यात आपल्याकडची मुलं क्रिकेटवर वाढलेली. बोलिंग म्हणजे कोपर ताठ, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. इथं कोपर सैल लागतं. ते ताठ केलं की वेग मेलाच.

वेग येतो तो थांबण्यातून. कबनूर इचलकरंजीला लागून आहे, मागावरचा धोटा इथं सगळ्यांच्या ओळखीचा. धोट्याला ठोका देणारी काठी एका ठिकाणी अडते आणि धोटा पुढे निघून जातो, तसा इथं दंड कमरेजवळ येऊन मंदावतो आणि कोपराखालचा हात चाबकासारखा पुढे सुटतो. त्या वेळी हाताची आतली बाजू कमरेला नुसती घासून जाते. पुतणीला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ती ओरडली, ‘‘काका, हात लागला बघा कमरेला!’’ मला ते दिसलं नव्हतं, पण ग्लोव्हमध्ये आवाज वेगळा आला होता.

पायाचं काम जमिनीवर वाचता येतं. सर पिचिंग प्लेटपासून होम प्लेटकडे फक्कीची सरळ रेघ मारतात. उजव्या हातानं टाकणारीचा डावा पाय त्या रेघेवर पडला पाहिजे. तो उजवीकडे आडवा पडला की कमर वाट अडवते, हात तिला वळसा घालतो आणि चेंडू बाजूला जातो. मागचा उजवा पाय मातीतून घासत येतो, त्याचाही ओरखडा सरळ हवा. उजव्या बुटाचं टोक त्यामुळे लवकर फाटतं. आमच्याकडे चांभारानं त्याला टायरचा तुकडा लावून दिलाय.

एका गोष्टीवर मात्र माझं मत ठाम आहे. शालेय स्पर्धा जवळ आली की मोठी माणसं मुलीला सांगू लागतात, ‘‘हळू टाक, पण स्ट्राइक टाक.’’ ती ऐकते, हात आखडते, चेंडू १७ इंची प्लेटवर अलगद नेऊन ठेवते. सामना निभतो. पण आखडलेला हात मोकळा करायला नंतर कित्येक आठवडे जातात. शिकण्याच्या काळात चेंडू इकडेतिकडे जाऊ द्यावा, हात मात्र पूर्ण वेगानं फिरू द्यावा. अंतर झेपत नसेल तर ते कमी करावं. अमेरिकेत लहान मुलींना ३५, मग ४० फुटांवरून टाकायला देतात.

खालून टाकतात म्हणून खांद्याला त्रास नाही, हाही गैरसमजच. जपानच्या युकिको उएनोनं २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण आणलं. २०२१ मध्ये टोकियोत, वयाच्या ३९व्या वर्षी, तिनं पुन्हा अमेरिकेला हरवून सुवर्ण आणलं. तिच्याविषयी मला अपार आदर आहे. पण तिचा तो ४१३चा आकडा शाळकरी मुलीला सांगायचा नसतो. खांदा दुखतोय म्हटलं की त्या दिवशीची पिचिंग बंद, हा आमच्या घरातला नियम.

आता पुतणीला चेंजअप शिकायचाय: हात तोच, हाताचा वेग तोच, चेंडू मात्र रेंगाळत येणारा. सरांनी होकार दिलाय. पण सुरुवात पुन्हा भिंतीसमोरूनच होणार, फक्त मनगटानं.