जिन्याची तिसरी पायरी

रविवारी सकाळी साडेसातला आमच्याकडे चिपळूणला चहाचं दुसरं आधण चढलेलं असतं. त्याच वेळी दुबईत सहा वाजलेले असतात आणि मेलबर्नमध्ये बारा किंवा एक. तिथले लोक ऑक्टोबरात घड्याळ तासभर पुढे करतात आणि एप्रिलात मागे घेतात, म्हणून 'किंवा'. दिंडोरीत साडेसातच, पण तिथला माणूस पाचपासून द्राक्षबागेत असतो, त्यामुळे त्याच्या मते दिवस निम्मा संपलेला असतो. चार घड्याळांचा लसावि काढून आम्हा चौघांच्या गप्पांची ही वेळ ठरली आहे. आधी तीही जमत नसे, कारण दुबईत रविवार कामाचा. 2022च्या जानेवारीत अमिरातीनं आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आणली आणि आमचं भलं झालं. ते त्यांच्या मनात नसावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुबईत लिहिता येतं, पण कॉल लागत नाही. म्हणून आम्ही झूमवर भेटतो. फुकटच्या खात्यात चाळीस मिनिटं झाली की पडदा पडतो. कोणाची गोष्ट फारच अडली असेल तर दुसरी लिंक, नाहीतर पुढचा रविवार. मेलबर्नवालीच्या सासूबाईंचा मोतीबिंदू तीन रविवार चालला होता.

आमची ओळख 2001मधली. मी तेव्हा एका करसल्लागाराकडे बावीसशे रुपयांवर वह्या लिहीत होते. सायबर कॅफेत तासाला पंचवीस रुपये, आठवड्यातून दोन संध्याकाळी. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा मान वाकडी करून वाचतोय की काय अशी धाकधूक, आणि याहू मेसेंजरवर चार अनोळखी माणसं. टोपणनावं घ्यायची पद्धत होती. मी कोकणातली म्हणून 'हापूस' झाले, ती आजतागायत. बाकीच्यांची खरी नावं कळायला वर्ष-दोन वर्षं लागली, आणि कळल्यावरही ती तोंडात बसली नाहीत. नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही कधी भेटलेलाच नाही?" मी म्हटलं, "रोज भेटतो." लग्न ठरण्याआधीचा संवाद असल्यामुळे त्यानं ते चालवून घेतलं.

जेफ्री हॉल नावाचे अमेरिकेतले एक प्राध्यापक आहेत, कॅन्सस विद्यापीठात. ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे त्यांनी मोजायचा प्रयत्न केला. साधारण पन्नास तास एकत्र घालवले की जुजबी मैत्री आणि दोनशेच्या पुढे गेले की जवळची, असा त्यांचा 2018च्या सुमाराचा हिशेब आहे. आकडे माझा धंदाच, म्हणून मी लगेच कागद ओढला. आठवड्याला दोन तास, म्हणजे वर्षाला शंभर. दोन वर्षांत दोनशे तास, पाच हजार रुपये. जवळच्या मैत्रीची माझ्याकडे जवळजवळ पावतीच आहे. हॉल यांचं आणखी एक म्हणणं मला जास्त पटलं: हवापाण्याच्या गप्पांनी माणसं जवळ येत नाहीत, एकमेकांच्या रोजच्या आयुष्यात काय चाललंय याची चौकशी करण्यानं येतात.

आता ही चौकशी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते. आम्हाला गाव सामाईक नाही, नातेवाईक नाहीत, शाळा नाही. "अरे, तो आपला अमुक" असं म्हणायची सोयच नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून, तपशिलासकट सांगावी लागते. मी जीएसटीची विवरणपत्रं भरते. 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी, या दोन तारखांच्या मध्ये माझ्याशी कोणी नीट बोलू नये हे मेलबर्नमधल्या एका नर्सला माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि मला हे ठाऊक आहे की तिच्या वृद्धाश्रमातल्या इटालियन आज्यांची आठवण विरत चालली की शेवटी शिकलेली इंग्रजी आधी जाते. मग त्या 'आक्वा' म्हणतात तेव्हा पाणी द्यायचं आणि 'फ्रेद्दो' म्हणाल्या की पांघरूण. तिनं हे शब्द एका वहीत लिहून भिंतीला लटकवलेत. दुबईकर जेबेल अलीला गोदाम सांभाळतो. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला तिथे बंदी असते, त्यामुळे उन्हाळ्यात माल उतरवण्याचं सगळं गणित त्या अडीच तासांभोवती फिरतं. हे मला काय करायचंय? काहीच नाही. पण दर जूनमध्ये मी त्याला विचारते, "झाली का रे तुमची वामकुक्षी सुरू?"

द्राक्षवाल्याशी गैरसमजांचा इतिहास मोठा आहे. सुरुवातीला आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचो आणि त्यात 'वेल' आणि 'वेळ' एकसारखेच दिसायचे. एका मार्चमध्ये त्यानं लिहिलं की सगळा वेल गेला. मी वाचलं, सगळा वेळ गेला. उत्तर दिलं, "जातोच रे, झोप आता." तो गारपिटीनं झोडपलेल्या ओळींत उभा राहून आला होता आणि मी त्याला झोपायला सांगत होते. दोन दिवस तो बोलला नाही.

दुसरा गैरसमज 'जीए'चा. "उद्यापासून जीए द्यायचंय," असं तो म्हणाला तेव्हा मला वाटलं, गावात वाचनालय काढतोय की काय! खूष होऊन मी जी. ए. कुलकर्णींच्या कथासंग्रहांची नावं पाठवली. द्राक्षवाल्यांचं जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड निघाले की त्यांचे देठ लांबावेत, मण्यांना फुगवण यावी म्हणून ते देतात, काही जण घड द्रावणात बुडवूनही काढतात. प्रमाण चुकलं तर घड गेला. पुढे त्यानं खरंच एक कथासंग्रह आणून वाचला. म्हणाला, "याचंही प्रमाण सांभाळून घ्यावं लागतं."

जी. एं.चा विषय निघालाच आहे तर सांगते. ते धारवाडला आणि सुनीताबाई देशपांडे इकडे. त्यांची मैत्री पत्रांवर वाढली, आणि सुनीताबाईंनी लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आपण वाचतो. पत्रमैत्री आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की पाकिटावर पत्ता असायचा. आमच्या मैत्रीला पत्ताच नव्हता, आणि ते लक्षात यायला फार उशीर झाला.

आम्ही खरं म्हणजे पाच जण होतो. पाचवा बेळगावचा, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. मालकाचा खोकला, फॉर्म चढवायची घाई, चहावाल्याची उधारी, सगळं मला माहीत होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या चुका तो न चुकता मोजायचा. 2009च्या पावसाळ्यात त्याच्या नावापुढचा पिवळा चेहरा राखाडी झाला तो झालाच. शोधायचं कुठे? आडनाव माहीत नव्हतं, छापखान्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी कोणाला आमचा पत्ता नव्हता की कोणी आम्हाला कळवावं. मी अधूनमधून मेसेंजर उघडून बघायचे. 17 जुलै 2018 ला याहूनं तो बंद केला, तेव्हा तेही संपलं.

तरीही आम्ही शहाणे झालो नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर, तरी पाणी तिथवर चढलं आणि खालचे दोन कप्पे गेले. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी उतरल्यावर चिखलात बसून मी एकेक फाइल उघडत होते. ओल्या कागदाची पानं ओढली की फाटतात. मध्ये वर्तमानपत्र सरकवायचं, दाबायचं, पुन्हा बदलायचं. व्यापाऱ्यांच्या बिलांवरची शाई जांभळी होऊन पसरली होती. तिकडे तिघांनी टीव्हीवर चिपळूण पाहिलं आणि माझा फोन लागेना. बारा वर्षांपूर्वीचा बेळगाव तिघांनाही आठवला असणार, पण ते एकमेकांजवळ बोलले नाहीत, असं नंतर कळलं.

आठव्या दिवशी खालून आवाज आला, "ए हापूस!" समोरचा दुकानदार फावड्यानं गाळ ओढत होता. तो वैतागून म्हणाला, "अहो, जुलैत कसला हापूस?" वीस वर्षांत मी द्राक्षवाल्याचा आवाज ऐकला होता, फोटो पाहिले होते, माणूस पहिल्यांदाच बघत होते. पिकअपमध्ये पाण्याचे कॅन, दोन पोती तांदूळ, ब्लीचिंग पावडर आणि, का कोण जाणे, बागेतलं फवारणीचं यंत्र.

ऑफिस सापडलं कसं? माझं सासरचं आडनाव त्याला धड आठवत नव्हतं. पण खाली शिलाई मशीनवाले काका बसतात, बाजूला औषधाचं दुकान, जिन्याची तिसरी पायरी मोडलेली आणि मालक ती दुरुस्त करत नाही, हे त्यानं माझ्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तो बाजारपेठेत एकेक जिना बघत आला. बहुतेक पायऱ्या गाळाखाली होत्या. मग तो पायानं चाचपायला लागला. आमच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीला त्याचा पाय आत गेला आणि तिथूनच त्यानं हाक मारली.

त्या यंत्रानं भिंतींवरचा चिखल उत्तम निघाला, हे मात्र सांगायला हवं. संध्याकाळी जाताना त्यानं माझ्याकडून घरचा पत्ता, नवऱ्याचा नंबर, बहिणीचा नंबर एका खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून घेतला. आता चौघांकडे चौघांचे असे कागद आहेत. दुबईकराचा कागद गोदामाच्या पावतीच्या मागे आहे, त्यावर त्याच्या आईचा लातूरचा नंबर.

परवाच्या रविवारी दिंडोरीत छाटणीला मजूर मिळत नव्हते, दुबईत मालमोजणीत बावीस पंखे जास्त भरले होते. कमी भरले तर समजतं, जास्त कसे, यावर बरीच चर्चा झाली. मेलबर्नवालीची एक आजी आता 'आक्वा'ही म्हणत नाही, नुसता हात पुढे करते. ती त्याबद्दल आणखी काही सांगत होती तेवढ्यात चाळीस मिनिटं भरली. 11 तारीख दोन दिवसांवर होती, टेबलावर बिलांचा गठ्ठा होता. मी दुसरी लिंक पाठवली.