गोळी, घर आणि एकच खोली

‘डोकं फिरलं’ एवढ्या दोन शब्दांत आपल्या वस्त्या एका जित्या माणसाचा निकाल लावतात. फार तर ‘बाहेरचं आहे’ म्हणून त्याला भगताकडे नेले जाते. त्यात कोंबडे जाते, पैसा जातो आणि उपचाराची सुरुवातीची मोलाची वर्षेही जातात. या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द घडवला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. त्या शब्दामुळे एका देहात दोन माणसे राहतात असा भलताच समज पसरला आहे. प्रत्यक्षात विचार, भावना आणि कृती यांची सांगड सुटते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर टपले आहेत अशी खात्री वाटते. बोलणे आटते, अंघोळ सुटते, उठावेसेच वाटत नाही.

मी डॉक्टर नाही. कल्याण पूर्वेच्या चाळीत, या आजाराच्या धाकट्या भावासह, आम्ही पाच माणसे एका खोलीत राहतो. त्या अनुभवातून लिहितो आहे. गोळ्यांनी भावाचे आवाज पुष्कळ थांबले. पण दुपारपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘आळशी आहे.’ राबून राबून कंबर मोडलेल्या आपल्या बापजाद्यांना प्रस्थापितांनी हाच शब्द ऐकवला होता. आज आपलीच वस्ती तो आपल्याच आजारी पोराच्या अंगावर फेकते! ही निरिच्छता म्हणजे आजाराचे लक्षण आहे. औषधाला ती सहजी दाद देत नाही.

दोष लावण्यात शिकलेलेही मागे राहिले नाहीत. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी या आजाराचे मूळ आईच्या वागण्यात शोधले. ती उपपत्ती पुढे संशोधनात टिकली नाही. पण भगत आणि पंडित दोघांनीही आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हे विसरता येत नाही.

मग कुटुंबाचा संबंध कुठे येतो? आजार होण्याशी नव्हे, तो उलटण्याशी येतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि पुढे व्हॉन व लेफ यांनी दाखवून दिले की ज्या घरात सतत टोचून बोलणे, वैरभाव किंवा जिवाला जडवून घेणारी अतिकाळजी असते, तेथे आजार अधिक वेळा उलटतो. अशा घरात आठवड्याचे ३५ तासांहून अधिक समोरासमोर राहणे धोक्याचे, असे १९७६ च्या त्यांच्या अभ्यासात आढळले. म्हणून नातलगांना आजार समजावून सांगणे, शांतपणे बोलायला शिकवणे आणि सहवास थोडा विरळ करणे, हा उपचाराचाच भाग ठरला. गोळ्यांना या शिक्षणाची जोड मिळाली की आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे पुढे अनेक देशांत दिसून आले.

पण सहवास विरळ करायचा कुठे? दुसरी खोली असणाऱ्यांनाच ते साधते. आमच्या घरात ३५ तास दोन-तीन दिवसांतच भरतात. ठाण्याला दाखवायला न्यायचे तर लोकलच्या गर्दीत त्याला सांभाळायचे आणि एकाच्या कामाचा खाडा. आईच्या तोंडून शब्द तिखट निघतो तो थकव्यातून. तिला नुसते ‘प्रेमाने वागा’ सांगणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकवणे.

संवाद-उपचारालाही मर्यादा आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो औषधाची जागा घेऊ शकत नाही. पण त्याचे काम मोठे आहे. आवाज खरे की खोटे यावर समुपदेशक भांडत नाही. ते कधी वाढतात, तेव्हा काय केले की निभते, हे तो रुग्णासोबत बसून शोधतो. घरच्यांनाही हे शिकता येते. ‘तुला ऐकू येतं, मला येत नाही, पण तू घाबरलास हे दिसतंय’ एवढे बोलायला पदवी लागत नाही.

आपल्याकडे याचा पाया जुना आहे. १९५० च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्या सागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत ठेवले आणि उपचारात सामील केले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली संस्था समुपदेशनाचे काम करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी केली, आणि त्याला समाजात राहून उपचार घेण्याचा हक्क दिला.

हा हक्क कागदावरून चाळीत उतरायला हवा. कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक वस्तीजवळ रुग्णाने दिवसाचे चार तास बसावे, काहीतरी करावे, असे केंद्र हवे; समाजमंदिरे, विहार, शाळांच्या रिकाम्या खोल्या यासाठी उघडता येतील. तेथे नातलगांनी महिन्यातून एकदा जमावे. घराने रुग्णाला सावरावे असे म्हणणाऱ्यांनी आधी घराला कोण सावरणार, याचे उत्तर दिले पाहिजे.