शर्यत पाहावी की ऐकावी?

आपल्याकडे बैलगाड्यांची शर्यत पाहायला गेलेला माणूस घाटाच्या कडेला एखादी उंच जागा धरतो. गाडा सुटलेला दिसतो, निशाणापर्यंत पोचलेलाही दिसतो. दोन डोळ्यांत सगळी शर्यत मावते. विलायतेतली मोटारींची शर्यत मात्र दोन डोळ्यांत मावत नाही, आणि हे मला कळले तेव्हा तिकिटाचे पैसे देऊन झाले होते!

त्याचे असे झाले. शिक्षणरजा घेऊन मी दोन वर्षे इंग्लंडच्या मध्यभागात राहत होतो. आठवडा ग्रंथालयात निघून जाई, पण परमुलखातला रविवार काही केल्या सरत नसे. शेजारी एक म्हातारबुवा होते. त्यांचा उभा जन्म मोटारीच्या कारखान्यात गेलेला. कुंपणापलीकडून ते मला 'प्रोफेसर' म्हणून हाक मारीत. मी साधा लेक्चरर आहे, हे दहादा सांगूनही. २०२२ च्या जुलैत त्यांच्या मुलाला यायला जमेना, तेव्हा त्याच्या वाटचे तिकीट मी घेतले आणि दोघे सिल्व्हरस्टोनला गेलो.

ही जागा मुळात विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बाँबफेकी विमानांसाठी तो बांधला. युद्ध संपले, विमाने गेली, आणि शेतांच्या मधोमध काँक्रीटचे रस्ते तेवढे उरले. १९४७ साली आसपासच्या काही हौशी तरुणांनी तिथे आपल्या मोटारी पळवल्या. एक मेंढी मध्ये आली, ती मेली आणि मोटारही निकामी झाली. लोक त्या शर्यतीला अजून 'मटण ग्रांप्री' म्हणतात. ग्रांप्री म्हणजे मोठे बक्षीस. पुढल्याच वर्षी तिथे रीतसर ब्रिटिश ग्रांप्री झाली, आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत याच मैदानावर झाली. राजे सहावे जॉर्ज स्वतः पाहायला आले होते.

आजची वाट जवळजवळ ५.९ किलोमीटरची आहे. तिच्यावर ५२ फेरे मारायचे, म्हणजे तीनशे किलोमीटरांहून थोडे अधिक. आम्ही गेलो त्या वर्षी दहा संघ होते आणि प्रत्येकाच्या दोन गाड्या. वाट साप पडल्यासारखी वेडीवाकडी, आणि आमची जागा बेकेट्स नावाच्या नागमोडी वळणापाशी. गाड्या येतात, डावीकडे-उजवीकडे झोके घेतात आणि जातात. एकेक गाडी क्षणभर दिसते; मग दीड मिनिट पुढ्यात रिकामा रस्ता! कोण पुढे गेले, कोणाची चाके बदलली, काही कळत नाही. दूर एक मोठा पडदा असतो, पण उन्हात त्यावरची अक्षरे मला तरी लागली नाहीत.

म्हातारबुवांनी खिशातून लहानसा रेडिओ काढला. एक तार आपल्या कानात, दुसरी माझ्या. मी आजूबाजूला पाहिले, तर अशा कितीतरी जणांच्या कानांत तारा. तीन दिवसांत मिळून चार लाखांच्या आसपास माणसे तिथे आली होती, आणि त्यांतली किती नुसते ऐकत होती कोण जाणे! डोळ्यांना एक वळण दिसायचे, उरलेली शर्यत कानांनी पुरी करायची. लहानपणी आम्ही पारावर बसून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत असू, त्याची मला आठवण झाली.

आणि त्याच दिवशी कानाची खरी परीक्षा झाली.

शर्यत सुटली. गाड्या आमच्यापर्यंत पोचण्याआधीच रेडिओवरचा आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. लाल निशाण झाले होते. लाल निशाण म्हणजे शर्यत थांबवा. पहिल्या वळणाआधीच एका गाडीचा धक्का जॉर्ज रसेलच्या गाडीला लागला होता आणि ती झोऊ ग्वान्यू या तरुण चिनी चालकाच्या गाडीवर आदळली होती. झोऊची गाडी उलटी होऊन घसरत गेली आणि टायरांच्या भिंतीवरून उडून तिच्यामागच्या जाळीला अडकली. हे आम्हाला तुकड्यातुकड्याने समजले. माणूस सुखरूप आहे हे कळेपर्यंत अपघात पडद्यावर पुन्हा दाखवायचा नाही, असा तिथला प्रघात आहे. मला तो फार आवडला.

थोड्या वेळाने गाड्या संथपणे आल्या. संध्याकाळी गोठ्यात शिरणारी गुरे मोजावीत, तशा म्हातारबुवांनी त्या बोट दाखवून मोजल्या. सतरा. वीस सुटल्या होत्या. एवढी माणसे, पण कोणी मोठ्याने बोलेना. रसेल आपली गाडी सोडून झोऊकडे धावला, असे रेडिओ सांगत होता. मग पुष्कळ वेळाने निवेदक म्हणाला, की झोऊ शुद्धीवर आहे, बोलतो आहे. तेव्हा सगळीकडून टाळ्या पडल्या. म्हातारबुवांनी टोपी काढून डोके पुसले.

तो वाचला कशामुळे, हे सांगितले पाहिजे. या गाड्यांना छप्पर नसते. चालकाच्या डोक्यामागे एक आधार असतो, तो या अपघातात रस्त्यावर घासून तुटला. पण २०१८ पासून डोक्याभोवती टायटॅनियम धातूची एक कमान सक्तीची आहे. तिला 'हेलो' म्हणतात. म्हणजे आपली देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ. वजन जेमतेम सात-आठ किलो, पण कित्येक टनांचा भार सोसणारी. ती आली तेव्हा गाडीचे रूप बिघडते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालक तर उघड विरोधात होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बहरीनला त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, भडका उडाला. आणि त्याच कमानीमुळे डोके शाबूत राहून तो आगीतून चालत बाहेर आला. मग त्याने आपले मत बदलल्याचे मोकळेपणी सांगितले.

पाऊण तासाहून अधिक वेळाने शर्यत पुन्हा सुटली. स्पेनचा कार्लोस साईन्स जिंकला. त्याचा तो पहिलाच विजय. तोही मी पाहिला नाही, ऐकला. दोघांनी मिळून माझ्या डब्यातली थालीपिठे संपवली आणि मोटारींच्या रांगेत अडकून रात्री घरी पोचलो.

घरी फोन केला, तर आईने कोण जिंकले ते विचारलेच नाही. "त्या पोराला फार लागलं का रे?" एवढेच विचारले.

पुढच्याच रविवारी, १० जुलैला, ऑस्ट्रियात झोऊ पुन्हा गाडीत बसला. म्हातारबुवांनी कुंपणापलीकडून 'प्रोफेसर' अशी हाक मारली आणि रेडिओ ऐकायला मला घरी बोलावून नेले. या खेपेस खाणे त्यांच्या घरचे होते.