एका क्विंटलमधले तीस ग्रॅम

गोंदियाच्या माणसाला वजनाविषयी सांगायला जाऊ नये. इथं शेंबडं पोरही धानाचं पोतं बघून अंदाज सांगतं. माझे अब्बा मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की आकडा मोठ्यानं पुकारायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "अब्बा, दाण्यात वजन येतं कुठून?" "माती-पाण्यातून," ते म्हणाले. पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. प्रश्न तिथंच राहिला.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. सगळ्या वस्तूंना वस्तुमान देणारा 'देवकण' सापडला, अशी हाकाटी झाली. मीही तसंच धरून चाललो. ते अर्धंमुर्धंच खरं निघालं.

वजन ही पृथ्वीची ओढ. वस्तुमान हा वस्तूचा हट्ट: ढकललं तरी चटकन न हलण्याचा, चालू लागल्यावर चटकन न थांबण्याचा. १९६४ साली ब्राउट, आंगलेर आणि हिग्ज यांनी एक कल्पना मांडली. अवघं विश्व एका अदृश्य क्षेत्रानं भरलेलं आहे. मूलकण त्यात जितका गुंततो, तितकं त्याचं वस्तुमान. प्रकाशाचा कण गुंततच नाही, म्हणून त्याचं वस्तुमान शून्य. टॉप क्वार्क इतका गुंततो, की तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३ लाख ४० हजार पट जड. मला रोवणीच्या वेळच्या बांधीतल्या चिखलाची उपमा सुचली होती, पण ती फसवी. चिखल चालणाऱ्याला थांबवतो. हे क्षेत्र चालत्या कणाला थांबवत नाही. त्याचा वेग बदलायला मात्र जोर लावावा लागतो.

आता क्विंटलभर धान घ्या. त्याचं जवळजवळ सगळं वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये असतं. त्यांच्या आतल्या क्वार्कना हिग्ज क्षेत्रातून मिळालेला वाटा जेमतेम किलोभर. उरलेले नव्व्याण्णव किलो म्हणजे क्वार्कना जखडणाऱ्या बलाची आणि त्यांच्या धावपळीची ऊर्जा. आइन्स्टाइनच्या सूत्रानं तीच वस्तुमान म्हणून काट्यावर उमटते. आणि इलेक्ट्रॉन? सगळे मिळून तीसेक ग्रॅम. अब्बांनी एवढ्याची घासाघीस कधी केली नसती. पण अणूचा आकार याच वस्तुमानावर ठरतो. ते निम्मं झालं तर अणू दुपटीनं फुगेल. शून्य झालं तर अणूच बांधला जाणार नाही. मग दाणा कुठला नि काटा कुठला!

या शोधात आपली माणसंही होती. सर्नच्या सीएमएस प्रयोगातल्या अवाढव्य यंत्राचा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झाला. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून हिग्ज कणाचे गुण प्रयोगात कसे तपासावेत, यावर अनेक वर्षं काम केलं. २०२४ साली त्या गेल्या.

त्यांच्या हयातीतच बरीच तपासणी झाली. टॉप, बॉटम आणि टाऊ या जड कणांचं हिग्जशी असलेलं नातं २०१८पर्यंत पक्कं झालं. हलक्या म्युऑनचे पुरावे २०२०मध्ये मिळाले. इलेक्ट्रॉनचं नातं मात्र इतकं क्षीण, की कुठल्याच यंत्राला अजून दिसलेलं नाही. ते तीस ग्रॅम अजून काट्यावर चढायचे आहेत.