इंग्रजीच्या परीक्षेतील लेख : पाच गुणांचे गणित

रायपूर - सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी 'कोअर' विषयाची प्रश्नपत्रिका ८० गुणांची असते. त्यांपैकी ५ गुण लेख अथवा वृत्तान्त लेखनाला असून शब्दमर्यादा १२० ते १५० आहे. स्वरूपाला १, विचारांच्या संगतीला १, आशयाला २ आणि शुद्धलेखन व व्याकरणाला १ अशी गुणांची विभागणी केली जाते.

शीर्षक आणि त्याखाली प्रश्नात दिलेले लेखकाचे नाव लिहिल्याने स्वरूपाची अट पूर्ण होते. घरी मराठी, हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला व्याकरणाची धास्ती वाटते आणि तो पाठ केलेला लेख उतरवून काढतो. प्रत्यक्षात सर्वाधिक गुण आशयाला आहेत.

'प्रदूषण ही गंभीर समस्या आहे' हे वाक्य कोणत्याही शहराला लागू पडते. उरला-सिलतरा पट्ट्यातील स्पंज आयर्न कारखान्यांची काजळी गच्चीवरील कपड्यांवर बसते, असे लिहिल्यास मात्र विषय वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा तपशिलाने आरंभ करावा. पुढे कारण, परिणाम आणि उपाय यांना एकेक छोटा परिच्छेद द्यावा. वाक्ये लहान ठेवल्यास व्याकरणाच्या चुकाही कमी होतात.

घरच्या भाषेहून वेगळ्या भाषेत लिहिणे या प्रदेशाला नवे नाही. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले होते.