कुलवृत्तान्तांतील कोरा रकाना

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कुलवृत्तान्ताचा जाडजूड ग्रंथ कपाटांत असतो. मूळपुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, कोणीं इनाम मिळविलें, कोणीं वकिलींत नांव काढलें, हें सर्व त्यांत सांपडतें. मृत्यूचें सालहि बहुधा असतें. परंतु तो मनुष्य कशानें गेला, हें लिहिण्याचा प्रघात नाहीं. ‘अल्पशा आजारानें’ या दोन शब्दांखालीं एक अख्खी पिढी झांकली जाते. हा रकाना कोरा राहिल्याची किंमत पुढील पिढीस कशी द्यावी लागते, हें मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरून फार स्पष्ट दिसतें.

1895 सालची गोष्ट. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत आल्ड्रेड वॉर्थिन नांवाचे रोगनिदानशास्त्रज्ञ होते. पॉलिन ग्रॉस नांवाची शिवणकाम करणारी एक स्त्री त्यांच्याशीं बोलतां बोलतां म्हणाली, कीं आपणांस लौकरच मरण येणार. कारण आपल्या घराण्यांतील माणसें पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानें जातात. दुसरा कोणी असता, तर ‘असें अभद्र बोलूं नये’ म्हणून त्यानें विषय बदलला असता. वॉर्थिन यांनीं मात्र तिच्या कुळाची वंशावळ लिहून काढली आणि प्रत्येक नांवापुढें मृत्यूचें कारण मांडलें. ती माहिती त्यांनीं 1913 सालीं प्रसिद्ध केली. दुर्दैवानें त्या स्त्रीचें भाकित खरें ठरलें. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेंच गेली. पुढें हेन्री लिंच या डॉक्टरांनीं त्या घराण्याचा अभ्यास पुन्हां हातीं घेतला. या आनुवंशिक विकारास आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात तें त्यांच्याच नांवावरून. आणि 2000 सालीं त्या कुळांतील नेमका दोष एका जनुकांत सांपडला. जें एका शिवणकाम करणाऱ्या बाईनें नुसत्या आठवणीवरून ओळखलें होतें, तें शास्त्रानें सुमारें शंभर वर्षांनीं सिद्ध केलें.

येथें वाचकांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. या रोगाच्या शंभर रोग्यांत असा जन्मजात दोष असलेले तीनच्या आसपास असतात. बाकीच्यांस हा रोग वाढत्या वयाबरोबर, बऱ्याच वेळां कसलाहि कौटुंबिक इतिहास नसतां होतो. मात्र तो एका रात्रींत होत नाहीं. मोठें आतडें सुमारें पांच फूट लांब असतें. त्याच्या आंतील अस्तरावर कधीं कधीं लहान गांठी उगवतात. त्यांस डॉक्टर ‘पॉलिप’ म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. पण कांहीं हळूहळू वाढतात आणि त्यांचें रूपांतर कर्करोगांत होतें. यास सामान्यतः दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. हीच आपली सवलत आहे. या मुदतींत गांठ सांपडली, तर ती काढून टाकतां येते. म्हणजे रोग नुसता लौकर कळतो असें नव्हे, तर तो होण्याचेंच टळतें.

गांठ शोधण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, शौचाच्या नमुन्यांत डोळ्यांस न दिसणारें रक्त आहे काय, हें प्रयोगशाळेंत पाहणें. ही परीक्षा सोपी व स्वस्त असून ती दरवर्षीं करावी लागते. रक्त आढळल्यास पुढील तपासणी टाळतां कामा नये. दुसरा मार्ग कोलोनोस्कोपीचा. यांत गुदद्वारांतून बारीक, लवचिक नळी घालून सर्व आतडें आंतून पाहतात आणि पॉलिप दिसल्यास बहुधा त्याच वेळीं काढतात. आदल्या दिवशीं रेचक घेऊन आतडें स्वच्छ करावें लागतें. ज्यांनीं लहानपणीं एरंडेल घेतलें आहे, त्यांस त्याचें विशेष भय वाटूं नये. रक्तस्राव किंवा आतड्यास छिद्र पडणें हे धोके आहेत, पण ते विरळा. आतडें निर्दोष आढळल्यास सामान्य माणसास पुन्हां दहा वर्षें ही तपासणी लागत नाहीं.

अमेरिकेंत तपासणीचें वय पूर्वीं पन्नास होतें. 2021 सालीं तें पंचेचाळिसावर आणलें गेलें. आईबाप किंवा सख्खें भावंड यांपैकीं कोणास हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षीं, किंवा त्या नातलगास ज्या वयीं रोग झाला त्याच्या दहा वर्षें आधीं, यांपैकीं जें अगोदर येईल तेव्हां, तपासणी सुरू करावी असा संकेत आहे. वडिलांस अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं झाला असेल, तर मुलानें व मुलीनें अडतिसाव्या वर्षीं डॉक्टरांकडे जावें. पण वडील कशानें गेले हेंच मुलांस ठाऊक नसेल, तर हा हिशेब करायचा कसा?

फिन्लंडांत अशा दोषाच्या बावीस कुटुंबांतील 252 माणसांवर पंधरा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. ज्यांनीं नियमित तपासणी केली, त्यांच्यांत या कर्करोगाचें प्रमाण 62 टक्क्यांनीं कमी आढळलें व त्यानें एकहि मृत्यु झाला नाहीं. ज्यांनीं केली नाहीं, त्यांच्यांतील नऊ जण दगावले. दैव तेंच होतें. फरक तपासणीचा होता.

आपल्या घरांत मात्र शौचाविषयीं बोलणें हेंच अमंगळ मानलें जातें. रक्त दिसलें, तर सासूबाई सुनेस सांगत नाहींत आणि मामंजी मुलास सांगत नाहींत. ‘मूळव्याध आहे, जुनीच आहे’ म्हणून वर्षें लोटतात. मूळव्याध असेलहि, पण ती आहे हें डॉक्टरांनीं ठरवावें, आपण नव्हे. शौचांतून रक्त, शौचाच्या संवयींत कांहीं आठवडे टिकणारा बदल, अकारण वजन घटणें, किंवा उतारवयांत अंगांतील रक्त कमी होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास विलंब करूं नये. ‘आम्ही शाकाहारी, आम्हांस हें होत नाहीं’ हा समजहि खोटा आहे. भाज्या, डाळी व कोंड्यासह धान्य यांचा लाभ होतो, व्यायामाचाहि होतो. तंबाखू, मद्य व स्थूलपणा यांनीं धोका वाढतो. परंतु आहार हा तपासणीच्या ऐवजीं चालत नाहीं. सरकारच्या कर्करोग-तपासणींत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा समावेश आहे. आतड्याची काळजी ज्याची त्यानेंच घ्यायची आहे.

आणखी एक गोष्ट. कुलवृत्तान्तांत लेकीची शाखा ‘अमक्यांकडे दिली’ एवढ्यावर संपते. लग्नानें गोत्र बदलतें, जनुक बदलत नाहीं. दोष बापाकडून येतो तसा आईकडूनहि येतो, आणि तो लेकीच्या मुलांतहि उतरूं शकतो. म्हणून आजोळची माहितीहि तितकीच महत्त्वाची.

पितृपक्षांत आपण वडिलांकडील तीन पिढ्यांचीं व मातामहांचींहि नांवें घेतों. यंदा त्या दिवशीं घरांतील वडीलधाऱ्यांजवळ बसावें, आणि प्रत्येक नांवापुढें तें माणूस कोणत्या वयीं व कशानें गेलें, हें एका वहींत लिहून घ्यावें. ती वही डॉक्टरांस दाखवावी. पूर्वजांचें स्मरण तर होईलच. शिवाय त्यांच्या मरणाचा उपयोग नातवंडांच्या आयुष्यास होईल.